बारा नंबरच्या खाटेचं औषध

५ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची वॉर्डात, तीन महिने शिकायला! तिसरा मजला, छातीच्या दुखण्यांचे रुग्ण, बावीस खाटा. खिडकीतून समुद्रात रोवलेले बांबू आणि त्यांवरची कालवांची शेती दिसते. मला शिकवायला मेइ-युन ताई आहे, अकरा वर्षं इथे असलेली नर्स. आईने दिलेला अननसाच्या केकचा डबा तिने दारातच जप्त केला. आमच्या बोलीत अननस म्हणजे 'भरभराट ये', म्हणून वॉर्डात तो आला की रुग्णांची रांग लागते म्हणे. मग जिन्यात उभी राहून स्वतः दोन खाल्ले, आणि "त्साई वान-छिंग, तुझ्या आईचा हात चांगला आहे, तुझा बघू," म्हणाली.

दिवसभर एकच धडा गिरवला. औषधाची चिठ्ठी तीनदा वाचायची. पाच गोष्टी ताडायच्या: माणूस, औषध, मात्रा, तोंडावाटे की सुईने, आणि वेळ. नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं. शेवटी तक्त्यावर आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा. माझा शिक्का अजून कोरा करकरीत आहे. सारखा उघडून बघते.

६ सप्टेंबर, मंगळवार

नऊची फेरी पहिल्यांदाच माझ्या हातात. बारा नंबरला याओ आजोबा आहेत, वय एकोणऐंशी, जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. न्यूमोनिया झालाय. मी नाव विचारलं, तर म्हणाले, नाव नंतर, आधी गोळ्या दोन-दोनदा का देताय ते सांग. पांढऱ्या टोपीची सिस्टर आत्ताच एक देऊन गेली, ती बिचारी काही विचारत बसत नाही.

नर्सच्या टोप्या बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आजोबांच्या गोळ्या माझ्या औषधांच्या गाडीच्या कप्प्यात तशाच होत्या. मेइ-युन ताई म्हणाली, ताप आहे त्यांना, दे आणि पुढे चल. दिल्या. पण तिने हे म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

८ सप्टेंबर, गुरुवार

आजोबांना अन्न जात नाही. पेजसुद्धा उलटून पडली. भिंत पिवळी दिसते म्हणतात, माझा चेहरा पिकल्या आंब्यासारखा. नाडी सेहेचाळीस. दोनदा मोजली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. रक्त तपासायला गेलंय.

९ सप्टेंबर, शुक्रवार

रक्तात डिजॉक्सिन सापडलं. हृदयाचं औषध. आजोबांना ते कुणीही लिहून दिलेलं नाही. औषधविभागातले वेई साहेब स्वतः वर आले. त्यांनी समजावलं की आजोबांचं जे प्रतिजैविक चालू आहे, ते डिजॉक्सिनला शरीराबाहेर जाऊ देत नाही. एक गोळी रक्तात साठत साठत तिपटीचं काम करते. प्रतिजैविक बदललं.

मुख्य परिचारिका पेंग बाईंनी मला खोलीत बोलावलं. चूक माझ्याकडून झाली असं लिहून दे, म्हणाल्या. मी जे घडलं ते लिहून दिलं, टोपीसकट. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ सप्टेंबर, सोमवार

नऊची फेरी सुरू करायला तक्ता उघडला. बारा नंबरसमोर आधीच लाल शिक्का. "सू". शाई ओली, माझ्या बोटाला लागली. वॉर्डात सू आडनावाचं कुणी नाही.

मेइ-युन ताईला हात धरून जिन्यात नेलं. शेवटी बोलली. एकतीस वर्षांपूर्वी सू नावाची शिकाऊ मुलगी होती. एका सकाळी खाटांची अदलाबदल झाली. तिने नाव न विचारता, खाटेचा नंबर बघून आधीच्या रुग्णाचं हृदयाचं औषध दिलं. बारा नंबरवरचा खोंग नावाचा माणूस दुपारी गेला. संध्याकाळी सू समुद्रात सापडली. तेव्हापासून नऊ वाजता ती येते. बारा नंबर शक्यतो रिकामी ठेवतात. या महिन्यात गर्दी झाली म्हणून याओ आजोबांना दिली. शिक्का उमटला की तक्ता फाडून नवा लिहितात.

मधे किती गेले, मी विचारलं. मोजत नाही, म्हणाली.

"तू तीन महिन्यांची पाहुणी आहेस. शिक्का मार आणि पुढे चल."

"मी मारणार नाही, ताई. आणि तक्ता फाडू पण देणार नाही."

१३ सप्टेंबर, मंगळवार

पाहिलं तिला. स्वच्छ उजेडात. पडद्यामागून आली, पावलांचा आवाज नाही. आजोबांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, खाटेवरची नंबराची पाटी वाचली आणि गोळीचा पेला पुढे केला. मी फटकारून उडवला. हात मनगटापर्यंत बधिर झाला, अजून आहे. गोळी फरशीवर पडली, ओली, समुद्राच्या वासाची.

आजोबांनीही पाहिलं. त्यांनी माझा बधिर हात धरून ठेवला.

पेंग बाई म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. मी येणार.

१४ सप्टेंबर, बुधवार

आठलाच आले. आजोबांना सतरा नंबरवर नेलं. बाराची पाटी काढायची ठरवली. मेइ-युन ताई पाना घेऊन आली. तिनेच काढली.

नऊ वाजता ती आली. पाटी नाही. थांबली —

मग तेराकडे वळली. तिथल्या आजी झोपेत होत्या, तोंड उघडं. मी मधे पडले. पेला माझ्या गळ्यावर सांडला. गळाही हातासारखा बधिर झाला, आता आवाज फुटत नाही.

पाटी परत लावली. तिला बारा नंबर हवा. ठीक आहे.

१५ सप्टेंबर, गुरुवार

आजोबांची नाडी बहात्तर. घरी गेले. शरदातल्या चंद्राच्या सणाचा दिवस, मुलगा न्यायला आला होता.

पेंग बाई दारात उभ्या. आत येत नाहीत, मला बाहेरही काढत नाहीत. बारावर मी आडवी झाले आहे, वही पोटावर. भीती वाटते. वाटू दे. एकतीस वर्षं सगळे तिला वाट देत आलेत —

आली.

पाटी वाचली. पेला पुढे. मी ओठ घट्ट मिटलेत. वहीत मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर धरलं — आधी नाव विचार.

पेला खाली ठेवला. वर बघतेय. माझ्याहून लहान आहे. किती रडलीये —

विचारतेय. नाव विचारतेय!

माझ्या मनगटावर रुग्णाच्या नावाचा पट्टा. मी बांधला नव्हता. त्यावर खोंग लिहिलंय. माझा हातही तेच लिहायला — नाही. नाही. हात माझा आहे. मी —

माझं नाव त्साई वान-