तळपायातली जागा

ती. आईला इथूनच नमस्कार. बाबांनाही सांग, नाहीतर घर डोक्यावर घेतील.

मी मजेत आहे. अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात आता माझ्या हाती पेशंट देतात. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे? वहिनी हातभार लावते ना?

बाबांच्या तळपायांची आग होते, सुया टोचायला ये, असं लिहिलंस. रजा मिळणार नाही. खरं तर मी मागितलीच नाही.

चिनी वैद्यकात मूत्रपिंडाची वाहिनी तळपायातून निघून छातीपर्यंत चढते. भीती मूत्रपिंडात साठते म्हणे. शिकताना आम्ही एकमेकींना सुया टोचतो. माझ्या तळपायाला नुसतं बोट लागलं तरी मी पाय ओढून घेते. मॅडमनी विचारलं, "एवढी कशाला घाबरतेस?" मी म्हटलं, "गुदगुल्या होतात." लोकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, माझी छातीतच अडकली आहे.

डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू देऊ नकोस. शिवाय तूच अंगठ्याने दाबून दे. बोटं मुडपली की तळपायात खळगा पडतो, तीच जागा. नाही सापडली तर बाबांनाच विचार. माझ्या तळपायांवर छडी ओढताना त्यांना ती न बघता सापडायची.

तुझी,
धाकटी