सातवा सुरुंग

८ एप्रिल १९८३
नांदेडहून एस.टी.नं जळकोटला उतरलो, तिथून ट्रकमधून खाणीवर. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नाही, सगळीकडे रस्त्यांची कामं निघालीत. दुष्काळामुळे मजुरांना तोटा नाही. मी इथला नवा सुपरवायझर. मालक गुरुबसप्पांनी खोली दिली, टँकरच्या पाण्याच्या दोन घागरी पाठवल्या. सुरुंगानं सुटतो तो डबर, फोडून होते ती खडी, चाळून खाली उरते ती कच. पुस्तकातलं सगळं आज डोळ्यांनी पाहिलं. इथं आपलं नाव होणार.

१२ एप्रिल
विरूपाक्ष म्हणून पन्नाशीचा गडी आहे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. हातोडीनं दगड ठोकतो, कान लावतो. ह्यो खणखणीत, रस्त्याला घ्या. ह्यो बद्द हाय, टाका. मी तेच नमुने प्रयोगशाळेत पाठवले होते. आज अहवाल आला. त्याचा एकही दगड चुकलेला नाही.

२० एप्रिल
रस्त्याच्या कामाचे इंजिनिअर आले. माझी फाईल त्यांनी उघडलीच नाही. विरूपाक्षला जीपमध्ये पुढं बसवून घेऊन गेले. मी धुळीत उभा. संध्याकाळी त्यानं माझ्यासाठी भाकरी पाठवली, त्याच्या बायकोनं, शांतम्मानं केलेली. कुत्र्याला टाकली.

२७ एप्रिल
सात सुरुंगांना बत्ती दिली. विरूपाक्ष लाल झेंडी घेऊन टेकडीपलीकडं रस्ता अडवायला गेला होता. बार मी मोजले. सहाच उडाले. परत येऊन त्यानं विचारलं, समदे उडाले का साहेब? मी हो म्हणालो. त्यानं सगळ्यांना कामाला लावावं, मग सातवा कुणाला तरी दिसावा, चारचौघांत त्याची फजिती व्हावी. एवढंच मनात होतं.
पहिली पहार त्यानंच मारली.

२८ एप्रिल
त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे त्याला बसवून माती दिली. शांतम्मा रडली नाही. इंजिनिअरांना मी सांगितलं, त्याचाच हलगर्जीपणा.

४ मे
त्याची हातोडी आता माझ्याकडं. ठोकली की दगड कळतो, अगदी त्याच्यासारखा. इंजिनिअरांनी पाठ थोपटली. बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

७ मे
भर दुपार. हातोडी खाली ठेवली. ठोके थांबले नाहीत. खडकाच्या आतून — तीन ठोके, मग शांत, उत्तराची वाट बघितल्यासारखं. मजुरांना विचारलं. कुणालाच ऐकू येत नाही.

९ मे
आता खोलीच्या भिंतीत. खाटेखाली. शांतम्मा खडी फोडायला येऊ लागलीय. मान वर न करता म्हणाली, "साहेब, ते तुम्हाला इचारायलेत. सांगून टाका की."
तिला ऐकू येतं —

१० मे
सांगितलं. सहाच उडाले होते, मला ठाऊक होतं — सगळ्यांसमोर. शांतम्मा पाटी उचलून निघाली. मागोमाग सगळे. खाण रिकामी. ठोके बंद.

रात्रीचे दोन वाजले. दाराला आतून कडी. बाहेर पावलं —

कडी मी काढलेली नाही, तरी —

त्याचाच आवाज. रागाचा नाही. चला साहेब, समदे उडाले का बघून येऊ. खांद्यावर हात, गार, कचेनं भरलेला — मी उठलो नाही, लिहितोच आहे, पण पाय —