छकुलीचे खरे छायाचित्र

सूनबाई,

तू छकुलीला न्हाऊ घालते आहेस, म्हणून हाक न मारता बाहेर पडतो आहे. दिवाणखान्यातले तिचे छायाचित्र मी उतरवून नेत आहे. तिच्या कपाळावरचा लाल डाग छायाचित्रकाराकडून मीच पुसून घेतला होता. परवा ते पाहून तू एवढेच विचारलेस, "बाबा, ही कुणाची मुलगी?" वादात कुणापुढे हार न मानणारा मी त्या प्रश्नापुढे हरलो.

काल डॉक्टरीणबाईंना भेटलो. तेथेही अर्धा तास वाद घातला, हे कबूल करतो. त्या म्हणाल्या, "आजोबा, हा बारीक रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका आहे. काही महिने वाढेल, मग काही वर्षांत आपोआप फिकट होईल. चिघळला किंवा रक्त आले, तर मात्र लगेच दाखवा. आणि यात आईची काहीही चूक नसते."

शेवटचे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले, कारण नेमके त्याच्या उलट मी तुला पाहुण्यांसमोर ऐकवले होते. ते शब्द त्याच पाहुण्यांसमोर मागे घेईन.

आता डागासकट मूळ प्रत काढून आणतो. तोवर खिळा रिकामाच राहू दे.

— बाबा