सूनबाईच्या दोन ओळी

सोमवार, ता. ४
सूनबाईच्या दोन ओळी परत आल्या! उमेदवारी संपत आली आहे. हे काम पास झालं तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. ती खुशाल हसते आहे, धडधड मला.

काम काय, ते तिने समजावलं. दवाखान्यातलं सलाइनचं यंत्र चालू केलं की आधी बूटलोडर म्हणून छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि फ्लॅश मेमरीत ठेवलेली सेटिंग आणायला निघतो. कधी मेमरीच सापडत नाही, हातात रिकामा पत्ता येतो — त्याला नल पॉइंटर म्हणतात — आणि हा शहाणा त्याच पत्त्यावर जाऊन धडकतो. यंत्र ठप्प! हिने दोन ओळी लिहिल्या, पत्ता रिकामा असेल तर जाऊ नकोस. यात काय चुकलं?

कंपनीतल्या तपासणाऱ्या बाईंचा शेरा — न जाऊन करणार काय? गप्प बसलेलं यंत्र नर्सला चालूच वाटेल.

मुद्दा बरोबर आहे. पण बोलायची रीत? आईबापांनी शिकवलेली दिसत नाही.

मंगळवार, ता. ५
देवाला साकडं घातलं. बाईंना सुबुद्धी दे.

बुधवार, ता. ६
सूनबाई म्हणाली, आई, समोर बसा, एकेक ओळ मोठ्याने सांगते. तुम्हाला कळायला नको, नुसतं ऐका. न कळणाऱ्याला सांगताना आपली चूक आपल्यालाच दिसते, अशी त्यांच्यात पद्धतच आहे म्हणे. माझ्या मॅट्रिकला भाव आला! शिवाय दोघींना एकच पंखा, तेवढीच विजेची बचत.

मी मटार सोलत हं हं करत होते. मध्येच ती थांबली. कपाळाला हात! आधी पत्ता वापरत होती आणि मग तो रिकामा आहे का विचारत होती. म्हणजे खड्ड्यात पडून झाल्यावर खाली बघायचं! इतक्या हसलो की आमचे हे हातात पेपर घेऊन डोकावले. म्हणाले, सासू-सून एकत्र हसतायत, काहीतरी बिघडलंय.

गुरुवार, ता. ७
सुधारून पाठवलं. आता पत्ता रिकामा असला तर यंत्र लाल दिवा लावून ओरडतं.

लेकीला फोन केला. तीही त्याच कंपनीत, दुसऱ्या शहरात. म्हटलं, त्या बाईला जरा सांग की. तर खिदळत सुटली. म्हणाली, ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

शुक्रवार, ता. ८
पुन्हा शेरा! वाचताना तपासता, मेमरीत लिहिताना कोण तपासणार? जप करताना बाईंबद्दल नको ते शब्द मनात आले. माळ पहिल्यापासून धरली.

शनिवार, ता. ९
रात्री जागून लिहितानाचीही तपासणी घातली. पास!! नोकरी कायम! आज चहा नुसत्या दुधाचा. साखरही हात न आखडता.

रविवार, ता. १०
लेकीनेच फोनवर कबूल केलं, तपासणाऱ्या बाई म्हणजे आमचीच कन्या. सूनबाईला पहिल्या दिवसापासून माहीत. मला का नाही सांगितलंस, विचारलं.

"तुम्ही फोन करून पास करायला लावलं असतंत, आई. मी कायम झाले असते, आणि यंत्र तसंच राहिलं असतं."

लावलंच असतं.