हिल्लाची जागा

१२ जुलै

संसारात पहिल्यांदाच काउकोनं आज गाडीच्या किल्ल्या मला दिल्या. दिल्या म्हणजे टेबलावर ठेवल्या, माझ्या बाजूला सरकवल्या आणि बाहेर जाऊन टायरला एक लाथ मारून आला. एवढं भाषण त्याला पुरतं.

डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं. त्याच्या नजरेचा मधला भाग गेला, कडेकडेचा तेवढा उरला. आता माझ्याकडे बघायचं असलं की तो खिडकीकडे बघतो. काल म्हणाला, "बरी दिसतेस." मी म्हटलं, "पडद्याला म्हणालास की मला?"

तर घरगाडी मी चालवणार. थेट उत्तरेपर्यंत! देव त्या रेनडिअरांचं रक्षण करो.

१४ जुलै

तो शेजारी बसून शिकवतो. "गिअर, इर्मेली." "ऐकू येतंय मला." "रेनडिअर!" तो दगड होता. पुढे खरोखरीचा रेनडिअर रस्त्याच्या मधोमध उभा, तेव्हा साहेब गप्प. मी ब्रेक मारला, कपाटातल्या बश्या खाली. "आता का थांबलीस?" म्हणे!

१७ जुलै

नदीकाठचा नेहमीचा तळ. नेहमीची जागा, बर्चच्या झाडाखालची. खुर्ची काढली आणि एकदम आठवलं, यंदा मी इथे एकटी बसणार नाही.

दर उन्हाळ्यात हेच. लग्न झाल्यापासून. मला खुर्ची, थर्मास आणि डासांच्या हवाली करून काउको चाकांवरचं आख्खं घर घेऊन निघून जायचा आणि संध्याकाळी हिल्लानं भरलेली बादली घेऊन यायचा. एका देठाला एकच पिवळं रानफळ, तेही दलदलीत गुडघाभर रुतून वेचायचं, आणि हा बादली भरून आणायचा! त्याच्या बापाची गुप्त जागा. सगळ्या कुटुंबाला माहीत की जागा आहे. कुठे, ते फक्त काउकोला. विचारायची पद्धत नाही. माझी आई म्हणायची, माणसाला मत कुणाला दिलंस हे एक वेळ विचारावं, हिल्लाची जागा विचारू नये. बायकोनं तर नाहीच नाही.

पण आता मी नेल्याशिवाय त्याला जाताच येत नाही. मी विचारणार नाही. त्यानं आपणहून सांगावं. मला ती जागा नकोच आहे म्हणा.

खोटं. वही, तुझ्यापासून काय लपवायचं! हवी आहे मला. डोळे गेले तरी हा माणूस मला सांगणार नसेल, तर इतकी वर्षं या संसारात मी होते कोण? भाडेकरू?

१८ जुलै

पाऊस. डास. तो गप्प, मी गप्प. डास तेवढे बोलतात.

१९ जुलै

शेजारी एक जर्मन जोडपं उतरलंय. गोड माणसं. बाप्यानं आज सगळ्यांदेखत विचारलं, "इथे हिल्ला कुठे मिळते?" मला वाटलं, आता विचारेल पगार किती आणि मरणार कधी!

काउको अतिशय नम्रपणे उठला आणि दक्षिणेकडच्या टेकडीकडे बोट दाखवलं. तिथे उभ्या जन्मात हिल्ला उगवलेली नाही. बिचारे दिवसभर हिंडले आणि टोपलीभर अळंबी घेऊन खुशीत परतले. आम्हाला निम्मी दिली. त्यांना खोटी का होईना, दिशा तरी मिळाली. मला तीही नाही.

२१ जुलै

सकाळी कॉफीवर: "उद्या जाऊ."

"कुठे?"

"जाऊ."

मी बादली घासून ठेवली. दोनदा.

२२ जुलै

नीट लिहायला हवं.

निघालो. "तिसऱ्या पुलानंतर उजवीकडे." मी चोरासारखी एकेक वळण पाठ करत होते. मग कच्चा रस्ता, आणि त्याच्या टोकाला पिवळं घर. "थांबव," म्हणाला. दलदल कुठेच नाही. दोरीवर धुतलेले बायकी परकर!

सांगते, एक क्षण भलतंच मनात आलं. मग दार उघडून बाहेर आली ती पंच्याऐंशीची तरी असेल. रबरी बूट, तोंडात एक दात.

"काउको! उशीर केलास रे मुला यंदा. आणि ही कोण? बायको? शेवटी आणलीस म्हणायची!"

"वेन्ला," काउको म्हणाला. मला उद्देशून. खिडकीकडे बघत.

वेन्लानं आत जाऊन हिल्लानं भरलेली बादली आणली. त्यानं पैसे दिले. माझी घासलेली बादली तशीच रिकामी.

परत येताना पुलाजवळ तोच म्हणाला, "जागा नाहीये, इर्मेली. कधीच नव्हती. म्हणजे होती. म्हाताऱ्या बापानं मला सांगितली नाही."

"शेवटी तूच होतास ना त्याच्याजवळ?"

"होतो. विचारलंही. म्हणाला, 'शोध.' दोन उन्हाळे शोधली. नाही सापडली. तोवर तुम्ही सगळे धरूनच चालला होता की मला ठाऊक आहे. मग काय सांगू? की बापाला माझा भरवसा नव्हता म्हणून?"

तो रडत होता की डोळ्यांतलं औषध होतं, मी बघितलं नाही. रस्त्यावर रेनडिअर होते.

२३ जुलै

बोलले नाही त्याच्याशी. दिवसभर. सासूबाईंना शेवटच्या आजारात मी या हिल्लाचा मुरंबा भरवला होता. डोळे पुसून म्हणाल्या, "यांच्या जागेचीच चव!" वेन्लाच्या जागेची होती, सासूबाई.

भांडी घासताना त्या आठवणीनंच मला हसू फुटलं, थांबेना. बाहेरून काउकोनं घाबरून विचारलं, "काय झालं?" "काही नाही," म्हटलं. राग गेला होता. थोडा उरलाय, तो त्याच्या बापासाठी.

२५ जुलै

परतीची वाट. गाडीतल्या संडासाची टाकी भरली, म्हणून एके ठिकाणी थांबवून मी झाडीत गेले. झाडीपलीकडे दलदल, आणि सगळी पिवळीधमक! माणसाचं पाऊल नाही.

काउकोचा हात धरून नेलं. तो गुडघ्यांवर बसला. पिकलेलं फळ मऊ लागतं, बोट लावलं की आपणहून सुटतं, त्याला डोळ्यांची गरजच नाही. दोघांनी मिळून माझी बादली भरली.

निघताना त्यानं हळूच विचारलं, "कुठे आहोत आपण?" आयुष्यात पहिल्यांदा मला जागा विचारली त्यानं.

मी सांगितलं. त्याच्या कानात. कुठला फाटा, किती पुढे, सगळं.

इथे लिहिणार नाही. तू वही आहेस, तुझा काय भरवसा!