आई किंवा बाबा मैदानात असतील तर

प्रिय जावईबापू,

तुम्हाला आता या नावानं हाक मारायची की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. दुसरं काही जिभेवर बसत नाही, म्हणून आहे तेच चालू ठेवते.

तुमच्या बाबांचा दमा कसा आहे? रात्री खिडकी लावून घेतात, की अजून हट्टानं उघडीच ठेवतात? आईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं असं कळलं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येतो का, तेवढं विचारा. मला त्यावरून डोळ्याचा अंदाज येतो, डॉक्टरांच्या आकड्यांवरून येत नाही. ताईंची मान दुखायची थांबली का? दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान घालून बसल्यावर दुसरं काय होणार, पण हे त्यांना सांगू नका, त्यांना माझा राग येतो. आणि तुमची ती डाव्या हाताची करंगळी, गोलखांबावर आपटून वाकडी झालेली, ती थंडीत ठणकते का अजून? इकडे मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात म्हणून शिलाई मशीनला मोटार बसवून घेतली. पायांना आराम आहे, पण सुरुवातीला मशीन माझ्यापुढे पळायची आणि मी मागून हाका मारायची अशी गत होती. आता आमचं दोघींचं जमलंय.

नजरही बरी आहे. चष्मा नवा केला. चष्मेवाल्यांनीच करून दिला. माझ्या लेकीचं त्यांच्याशी ठरलं आहे, लग्न परीक्षा संपल्या की आहे, हे तिनं तुम्हाला स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या खोलीत बटणं लावत होते. त्यामुळे त्यात मी नवीन काही सांगत नाही. माणूस सरळ आहे. एवढं पुरे.

आपल्या फुटबॉलच्या मैदानाचं मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. बस डेपोची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये ते तसंच आहे. हिरवी चटई दोन्ही गोलांपुढे झिजली होती, ती तेवढीच बदलली, त्यामुळे नव्या कापडाची ठिगळं लावल्यासारखी दिसते. माझ्या दुकानाची काच मैदानाकडे, काचेवर घड्याळ, म्हणून वेळ बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते अजून सुटलेलं नाही. लहानमोठे सगळे घड्याळआजीच म्हणतात. पहिल्या वर्षी मी शिट्टी वाजली की दारात जाऊन आता काय चुकलं म्हणून विचारायची, आणि आपले शिट्टीमामा, म्हणजे रेफ्री, बस चालवणारा माणूस, प्रत्येक प्रवाशाला थांबा सांगावा तसं मला समजावून सांगायचे. तशीच सगळी विद्या गोळा झाली. आता उलट होतं. त्यांना काही अडलं की ते काचेकडे बघतात.

तुम्ही गेल्यापासून नियमांत थोडे फेरफार झाले. चेंडू बाहेर गेला की आता हातानं फेकायचा नाही, रेषेवर ठेवून पायानं मारायचा. घसरून पाय घालायचा नाही, हे जुनंच, पण आता बेकरीवाले घसरले तरी त्यांना माफी नाही. आपण पाय घातला नाही, नुसते पडलो, असं ते दर वेळी म्हणतात आणि दर वेळी समोरच्याच्या पायातच पडतात. पाच गोलांनी मागे पडलेल्या टीमला एक खेळाडू जास्त उतरवायची मुभा आहे. हा माझा आवडता नियम. माझ्या लेकीला मात्र तो मुळीच आवडत नाही. सात गोल खाल्ले तरी ती कॅप्टन म्हणून जास्तीचा खेळाडू घेणार नाही. मी काचेच्या आतून सहा बोटं दाखवते, सहावा घे म्हणून, ती मान फिरवते. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

सात गोल खायची वेळ येते, कारण तुमच्या जागी गोलात चष्मेवाले उभे राहतात. डोक्यामागून रबर बांधून चष्मा घालतात. चेंडू येताना त्यांना अगदी स्वच्छ दिसतो, असं ते स्वतःच सांगतात, आणि गेलेलाही स्वच्छ दिसतो. तुम्हाला सगळे कुलूप म्हणायचे. त्यांना खिडकी म्हणतात. ते हसतात. तुमची ती पिवळी जर्सी त्यांना द्यायची ठरली, तेव्हा ती मीच दोन्ही बाजूंनी आत घेतली होती, बाह्याही आखूड केल्या. ते अंगानं तुमच्या निम्मे. कापड मात्र कापलं नाही, शिवणीच्या आत माया तशीच ठेवली. ते मी कुणाचंच कापत नाही.

आता तुमच्या लेकीचं, भिंगरीचं. गेल्या महिन्यात तिला दहा पूर्ण झाली, तुम्ही पाठवलेले बूट अगदी बरोबर बसले. दहा पूर्ण झाल्याशिवाय मोठ्यांच्या मैदानात पाऊल टाकायचं नाही, म्हणून गेली दोन वर्षं ती रेषेबाहेर बसून चेंडू आणून द्यायची आणि प्रत्येकाचं चुकलेलं मोजायची. यंदा पहिल्यांदा तिला वर्षअखेरच्या घरच्या स्पर्धेत खेळता येणार. डेपोच्या भिंतीवर खडूनं एक चौकोन काढलाय, त्यात रोज डाव्या पायानं चेंडू मारते. पहारेकरी आधी ओरडायचा. आता तोच सांगतो, आज जरा वर गेला बघ.

या घरच्या स्पर्धेचा एक नियम तुमचा आहे. तुम्ही विसरला असाल, मी नाही. बेकरीवाल्यांच्या धाकटीला मोठ्या माणसाचा जोरात मारलेला चेंडू कानावर बसला, ती चक्कर येऊन पडली, त्या संध्याकाळी सगळे एकमेकांवर ओरडत होते. लहान मुलांना बंदीच करा म्हणत होते. तुम्ही एरवी तोंड उघडत नाही. तेव्हा उठलात आणि म्हणालात, बंदी नको, पण बारा वर्षांच्या आतलं लेकरू मैदानात असेल तर त्याची आई किंवा बाबा त्याच्याच टीममधून मैदानात पाहिजे. समोर लेकराचं माणूस दिसलं की बाकीचे पाय जपून टाकतात. लोक कुरकुरले. पण तो नियम मी रंगानं फळीवर लिहिला आणि फळी काचेजवळ टांगली. तेव्हापासून एकाही लेकराला लागलेलं नाही.

आणि आता माझ्या लेकीचा गुडघा गेला. इतकी वर्षं मैदानावर पळाली, धक्के खाल्ले, आणि पाय मुरगळला तो ऑफिसच्या जिन्यात, फोनवर बोलता बोलता. प्लास्टर आहे. स्पर्धा होऊन जाईल तेव्हा निघेल. कुबडी घेऊन रेषेबाहेर खुर्चीत बसेल आणि तिथून ओरडेल, पण खुर्ची मैदानात धरत नाहीत.

यावर बैठक झाली ती माझ्याच दुकानात, कारण खुर्च्या माझ्याकडे आहेत. भिंगरी कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या निवडत बसली होती. बेकरीवाले म्हणाले, अहो, चष्मेवाले आता बाबा होणारच आहेत की, दोन महिने अलीकडे झाले समजा. शिट्टीमामा म्हणाले, मी त्या बाजूला बघणारच नाही. सगळी भली माणसं, पोरीला खेळायला मिळावं एवढंच त्यांच्या मनात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलायच्या आधी चष्मेवालेच म्हणाले, "नको. मला आवडेल, पण अजून ते खरं नाही." त्यावर टेबलाखालून आवाज आला, "फळीवर आई किंवा बाबा लिहिलंय ना? मग बाबा आहे की."

ती काही भांडून बोलली नाही. उत्तर सगळ्यांसमोर पडलंय आणि मोठ्यांना दिसत नाही, तसं सांगितलं. माझी लेक म्हणाली, "तो यायचा नाही," आणि कुबडी काखेत धरून चहाचे कप उचलायला लागली, जे तिला जमणार नव्हतं. एक फुटला. मग बैठक संपली.

भिंगरीनं नंतर विषय काढला नाही. तुमच्याकडे दर महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी आली, तेव्हाही बोलली नसणार. तिच्या आईला वाटतं ती विसरली. मला तसं वाटत नाही, कारण भिंतीवरचा चौकोन तिनं आणखी लहान केलाय. हट्ट करणारं पोर मला परवडतं. हे असं गप्प राहून नेम धरणारं मला जड जातं, आणि हा गुण तिला कुणाकडून आला हे मी इथे लिहीत नाही.

नियम मी बदलू देणार नाही, आणि तो तुमचा आहे म्हणून नव्हे. तो चांगला आहे म्हणून. दुसरं, फक्त स्पर्धेपुरतं कुणाला आणता येत नाही, वर्षभरातल्या निदान निम्म्या मॅचना हजर असावं लागतं. पण गोलकीपरला ती अट नाही. पहिल्यापासून नाही. गोलात उभं राहायला कुणी तयार नसतं, तिथे अटी कुठे घालत बसणार? म्हणजे फळीवरचं काहीही न खोडता एक माणूस येऊ शकतो, हे मी शिट्टीमामांना विचारून पक्कं केलं. ते म्हणाले, "येऊ शकतो. पण येईल का?" मी म्हटलं, ते तुमच्या शिट्टीच्या अखत्यारीत येत नाही.

तुम्ही मैदानावर यायचं का सोडलंत, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. तुमचं दोघांचं का बिनसलं, तेही नाही. पण मला वाटतं, ज्या बाकावर तुम्ही दोघं एका बाटलीतलं पाणी प्यायचात, तिथे आता कुठल्या टोकाला बसायचं, असं काहीतरी असावं. तर बाकाचं सांगते. गोलकीपरला बाकावर बसावं लागत नाही. तो आधीच गोलात जाऊन उभा राहतो, मध्यंतराला दुसऱ्या टोकाच्या गोलात जातो आणि मॅच संपली की फाटकातून निघून जाऊ शकतो. कुणाशी बोलायलाच पाहिजे असंही नाही. तुम्ही कधी बोलला होतात?

आता हे सगळं आजच का लिहिते आहे, ते सांगते. परवा चष्मेवाले दुकान बंद व्हायच्या सुमाराला आले. हातात ती पिवळी जर्सी, धुऊन घडी केलेली. काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "काकू, ही पुन्हा सैल करता येईल का? पहिली होती तशी." मी म्हटलं, मग तुम्ही काय घालणार? म्हणाले, "मी पुढे खेळेन. चेंडू अडवण्यापेक्षा चुकवणं मला जास्त जमतं." बसले नाहीत, चहाही घेतला नाही. काल सकाळी मी दोन्ही बाजूंची शिवण उसवून नवी टीप घालत होते, तेवढ्यात लेक कुबडी टेकत आली. मशीनवर काय आहे ते तिनं पाहिलं. मांडणीवरून कात्री काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाह्याही सोड. त्याचे हात लांब आहेत." आणि आत गेली. भिंगरीला यातलं काहीच माहीत नाही, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत कळणारही नाही, तेव्हा तुम्हाला कसलाही संकोच नको. स्पर्धा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे, आपली मॅच सकाळी पहिलीच. बाह्या मी सोडल्या. जुन्या टाक्यांची भोकं ओळीनं दिसतात, ती दोनचार धुण्यांत बुजतील. शिवण तुमच्या त्या वेळच्या मापानं घातली आहे, पण इतक्या वर्षांत अंग तसंच राहिलं असेल याची मला खात्री नाही. आत अजून बोटभर कापड शिल्लक आहे. तर छातीचं माप घेऊन लगेच कळवा, काजं-बटणांच्या कामात अडकायच्या आधी मला हे हातावेगळं करायचं आहे. पत्रात बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल. माप तेवढं लिहा.

तुमचीच,
घड्याळआजी
(आई म्हणायची सवय सुटली नसेल, तर तेही चालेल.)