उलटी सहापेनी आणि चार पुडिंगं

हडर्सफील्ड,
नाताळाआधीच्या आगमनकाळातला दुसरा मंगळवार

तीर्थस्वरूप म्युरिएलताईस धाकट्या एनिडचा आदराने नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही इकडे बरे आहोत. तूही तिकडे स्कारबरोला समुद्राच्या वाऱ्यात बरी असावीस म्हणून रोज रात्री गुडघे टेकून प्रार्थना करते. (माझे अजून टेकतात, म्हणून तुझ्या नव्या गुडघ्यासाठीचं मागणंही मीच उरकून घेते.) जिना चढतेस का आता? स्टॅन्लीभावोजींचा खोकला कसा आहे? टॉफी गेल्यापासून घर सुनं झालं असेल. कुत्री असली तरी अंगणात बसून वाट बघणारं ते एकच माणूस होतं. हे पत्र चॅपलच्या जुन्या सूचनापत्रकाच्या पाठीवर लिहिते आहे. उजेडाला धरलंस तर मागून भजनांचे आकडे दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. मी पाठवलेलं नाताळचं पुडिंग पोचलं असेलच. ते उघडू नकोस. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र, पण सुरुवातीपासून सांगायला हवं.

आमचे क्लिफर्ड बसच्या आगारातून निवृत्त झाले तेव्हा माणसाला काहीतरी नाद हवा, असं मीच म्हणाले होते. मला वाटलं, कोबी लावतील. त्यांनी नाणी धरली. आता दुकानात सुटे पैसे हातावर पडले की खिशातून भिंग निघतं, आणि मागची रांग दाराबाहेर जाते. मागे एकदा खाटीक म्हणाला, "हॅलिवेलसाहेब, पैसे खरे आहेत हो, सॉसेजबद्दल मी शपथ घेत नाही." हे शोधतात काय, तर चुका. साल छापायचं राहिलेलं नाणं, ठसा सरकलेलं नाणं, राजाच्या मानेला तडा गेलेलं नाणं. ताई, लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या इतक्या चुका दाखवल्या, एकीचाही कुणी भाव केला नाही. टांकसाळीने चूक केली की मात्र माणसं ती मखमलीच्या डबीत ठेवतात! (हे वाक्य खोडायला क्लिफर्डनी सांगितलं आहे, कारण हे पत्र तेच पेटीत टाकणार म्हणून वाचून बघताहेत. खोडायला शाई जाते, म्हणून खोडत नाही.) चुका संपल्या की पोटजाती. एकाच सालच्या दोन पेन्या, दोन्हींवर तीच राणी, तोच अंबाडा. पण एकीच्या कडेचा मणी अक्षरावर नेम धरतो आणि दुसरीचा अक्षरांमधल्या फटीवर. हा फरक मला दिसेपर्यंत चहा गार झाला आणि दिसला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. ह्याचं ह्यांना फार वाईट वाटलं.

त्यातून प्रतवारी आली. ह्या लोकांत 'चांगलं' म्हणजे राजाचा कान झिजून गेला आहे. 'फार चांगलं' म्हणजे कान आहे, केस गेले. 'अत्यंत चांगलं' म्हणजे नुसती गालाची झिलई उडाली. आणि सगळ्यांत वर 'चलनात न गेलेलं', म्हणजे ज्याने जन्मात कुणाच्या हाताला स्पर्श केला नाही असं. (आमच्या चॅपलच्या ऑर्गन वाजवणाऱ्या मिस क्रॅबट्री सोडल्या तर गावात असं कुणी नाही.) आता घरातल्या प्रत्येक वस्तूला प्रत लागली आहे. किटली 'चांगली', गालिचा 'बरा'. शेजारच्या मिसेस थॅक्रेंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हे टेबलापलीकडून त्यांना निरखून म्हणाले, "मिसेस थॅक्रे, तुम्ही फार चांगल्या आहात." म्हातारी लाजली, ह्यांना केकचा मोठा तुकडा दिला, आणि मी घरी येईपर्यंत गप्प राहिले. गप्प राहणं हेही एक दान आहे.

चॅपलमध्ये तर कहर. दानाची थाळी फिरवायचं काम क्लिफर्डकडे आहे. हे थाळीतलं एखादं पन्नास पेन्सचं नाणं उचलून त्याजागी आपलं दुसरं ठेवतात. हिशेबात फरक पडत नाही, पण प्रत्येक नाणं खिडकीच्या उजेडाला धरून बघायचं म्हणजे वेळ लागतोच ना. भजन संपलं तरी थाळी तिसऱ्या बाकावर. मिस क्रॅबट्रींनी पहिलं कडवं पुन्हा सुरू केलं, मग दुसरं, मग सगळंच. पाद्री ओल्डरॉइड वेदीवरून म्हणाले, "बंधू क्लिफर्ड, प्रभू येण्याआधी थाळी येईल का?"

आता मुख्य गोष्ट. आईची सहापेनी तुला आठवते. वर्षभर माझ्या बटणांच्या डब्यात असते आणि ढवळणीच्या रविवारी, नाताळची पुडिंगं ढवळतात तेव्हा, एकात जाते; ज्याच्या तुकड्यात निघेल त्याची इच्छा फळते. त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे ती काढली, सोडा लावून दाताच्या जुन्या ब्रशने चकचकीत घासली आणि चहाच्या भांड्यापाशी ठेवली. हे आले, सवयीने उचलली, बोटांत फिरवली, आणि असे ओरडले की माझ्या हातातलं मनुकांचं वाडगं सांडता सांडता राहिलं. "एनिड! ही उलटी आहे!" सरळ धरून फिरवली की मागची बाजू उलटी येते, टांकसाळीत ठसा फिरला होता म्हणे. मी म्हटलं, "अहो, आमच्या आईने आयुष्यात सरळ काय केलं होतं?" तेवढ्यात ह्यांची नजर ब्रशकडे गेली. मग जे डोळ्यांत पाणी आलं ताई, ते ह्यांच्या आईच्या अंत्यविधीलाही आलं नव्हतं. जुनं नाणं घासायचं नसतं, घासलं की त्याची प्रत मरते. "किती वर्षं घासते आहेस?" मी म्हटलं, आई घासायची, तिची आई घासायची, आणि घासून झालं की आठ तास चरबीच्या पुडिंगात उकळायची.

तरी हे हरले नाहीत. माझ्या क्रोशाच्या रुमालावर सहापेनी ठेवून फोटो काढला आणि आतल्या खोलीत जाऊन संगणकावरच्या लिलावात टाकला. मी स्वच्छ सांगितलं, ती आईची आहे, मला विकायची नाही. हे म्हणाले, "अगं, आठवण कुठे जाते? नाणं जाईल, त्यातून आपण एक जास्त चुकलेलं नाणं घेऊ." मी टेबलावरून रुमाल आवरला आणि पुडिंग ढवळायला घेतलं. मग लोकांचे प्रश्न येऊ लागले. पहिलाच प्रश्न, हे साफ केलेलं आहे का? क्लिफर्ड कोबी आणायला गेले होते, म्हणून मीच उत्तर टाकलं: होय, उत्तम साफ केलेलं आहे, सोडा आणि ब्रशने, दर वर्षी, काळजी नसावी. बोली तिथेच बसली. दोन दिवस कुणी हललं नाही. मग नॉर्विचच्या एका गृहस्थांनी विचारलं, नाण्याला पुडिंगचा वास आहे का? मी लिहिलं, जायफळाचा आहे. आणि ताई, बोली पुन्हा चढू लागली! एका बाईंना नाणं नकोच आहे, रुमाल हवा आहे. लिलाव येत्या रविवारी संपतो. तोवर वस्तू हातात नसली तर ह्यांना तो मागे घ्यावा लागेल आणि नाणेवाल्यांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आणि वस्तू हातात नाही. नॉर्विचच्या गृहस्थांना कडेचा फोटो हवा होता, म्हणून ह्यांनी बटणांचा डबा पालथा केला. मी म्हटलं, "अहो, ढवळणीचा रविवार होता. चारातल्या एका पुडिंगात आहे." "कुठल्या?" मी म्हटलं, भांडी सारखी, फडकी सारखी, दोरी एकाच गुंडाळीतली, बघून कुणाला कळेल? एक आमचं, एक पाद्रींचं, एक मिसेस थॅक्रेंचं, एक तुझं. तीन तर केव्हाच घरोघर गेली होती.

ह्यांनी आगारातल्या मित्राकडून जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आणलं. ते आमच्या पुडिंगवर धरताच किंचाळलं. ह्यांनी पुडिंगचे डाळीएवढे तुकडे केले. आत ह्यांचं हरवलेलं भिंग निघालं. इच्छा मनात धरून ढवळताना वाकले, तेव्हा वरच्या खिशातून पडलं असावं. मग त्याच भिंगाने हे प्रत्येक मनुका तपासत बसले. पाद्रींकडे यंत्र पुडिंगवर गप्प आणि पाद्रींवर किंचाळतं. त्यांच्या कमरेत लोखंडी सांधा आहे हे आम्ही विसरलो होतो. तरीही विश्वास नको म्हणून पुडिंग कापलं, सगळ्यांनी मिळून खाल्लं, काही निघालं नाही. मिसेस थॅक्रेंचं पुडिंग तर केव्हाच संपलं होतं. "ऐंशीव्या वर्षी नाताळाची वाट कोण बघतो?" त्या म्हणाल्या. क्लिफर्डनी अदबीने यंत्र त्यांच्या पोटासमोर धरलं. वाजलं. ह्यांचा चेहरा पडला. एवढी उलटी सहापेनी, आणि आता ती चलनातून फिरलेली म्हणून विकावी लागणार! शेवटी म्हातारीनेच सांगितलं की ते काचोळीचे आकडे आहेत, आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "हॅलिवेल, मी फार चांगली आहे म्हणाला होतास ना? मग तेवढी चांगली आहे तोवरच निघ."

म्हणजे राहिलं फक्त तुझं. क्लिफर्ड शनिवारी यंत्र घेऊन येताहेत. म्हाताऱ्यांच्या फुकट बसपासवर साडेनवाच्या आत बसता येत नाही, आणि मध्ये गाड्या बदलायच्या, म्हणून दुपार होईल. तोवर पुडिंग कोठीत तसंच राहू दे. त्याला सुरी लावू नकोस, हलवू नकोस, आणि भावोजींना त्या बाजूला फिरकू देऊ नकोस.

दोघांना देव सांभाळो. भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
एनिड

(वरचं सगळं वाचलं, बरोबर आहे. पुडिंग हलवू नये ही विनंती. क्लिफर्ड.)

ता. क. क्लिफर्डना अडगळीच्या खोलीत यंत्राची बॅटरी शोधायला पाठवून मीच पत्र घेऊन पेटीपाशी आले आहे आणि भिंतीला टेकून हे लिहिते आहे. ताई, पुडिंग आजच उकळ आणि आजच खा. फडक्याच्या दोरीला एका बाजूला दुहेरी गाठ आहे, तिच्या बरोबर खालचा तुकडा तुझा. भावोजींना पलीकडचा दे आणि सावकाश चावायला सांग.

दुसरी ता. क. मी एकही खोटं वाक्य बोललेले नाही. वर परत वाचून बघ. चारातल्या एकात आहे म्हटलं, ते आहे. भांडी सारखी म्हटलं, ती आहेत. बघून कुणाला कळेल, असं मी विचारलं. ह्यांनी उत्तर दिलं नाही. शनिवारी हे येतील तेव्हा सहापेनी निघाली का, असं तुला विचारतील. तू बोलू नकोस, तू चॅपलची आहेस, आपल्यात खोटं चालत नाही. भावोजींना बोलू दे. ते इंग्लंडच्या मोठ्या चर्चचे आहेत, त्यांच्यात एवढं चालतं.

तिसरी ता. क. ज्याचं वर्ष वाईट गेलं त्याच्या वाटणीला सहापेनी यावी म्हणून आई दुहेरी गाठ मारायची, हे मला ती गेल्यावर कळलं. बाबांची गिरणी बंद पडली त्या नाताळात बाबांना कशी मिळाली ते तेव्हा उमगलं. यंदा तुझा गुडघा आणि टॉफी, तेव्हा गाठ तुझी. इच्छा नीट मागून घे, मग सोडा लावून चांगली घास आणि तुझ्या बटणांत ठेव. पुढच्या ढवळणीच्या रविवाराआधी मला परत पाठव. माझं वर्ष कसं जाईल ते क्लिफर्डवर अवलंबून आहे.

शेवटची ता. क. पुडिंगचं भांडं मात्र क्लिफर्डबरोबरच परत दे. धुऊन दे. ते चारांच्या संचातलं आहे.